वहीतले खोटे गुण

डाव्या अंगठ्याचं नख अजून काळं आहे, त्यामुळे हे सगळं नऊ बोटांनी टाइप करते आहे. नखाची गोष्ट पुढे येईल. आधी वहीची.

गेली अडीच वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी मी न्यूर्नबर्गमधल्या एका शाळेच्या जिममध्ये लाँगस्वर्ड, म्हणजे जुन्या युरोपातली दोन हातांनी धरायची लांब तलवार, खेळते. मूळची कोल्हापूरची, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, उंची पाच फूट एक इंच. उंची मुद्दाम सांगितली, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापासून सुरू झाला. निदान माझी समजूत तरी तशी होती. टेस्टिंगचा हात असल्यामुळे पहिल्या स्पारिंगपासून (सरावाच्या मोकळ्या लढतीपासून) वही ठेवली: तारीख, समोर कोण, झटापटी किती, माझे वार किती, त्यांचे किती. दीड वर्षात वही भरत आली आणि आकडे छान दिसायला लागले. बऱ्याच पानांवर मी पुढे होते.

मग एका गुरुवारी आमच्याकडच्या एक बाई गुडघा धरून बाकावर बसल्या होत्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, एरवी सेबर (एका हातात धरायची वक्र तलवार) खेळतात. (इथे लहानथोर सगळे एकमेकांना 'दू' म्हणतात. त्यांना एकेरीत बोलायला मला सहा महिने लागले, आणि मनात त्या अजूनही बाकावरच्या काकूच आहेत.) वही त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, जरा मांडता का. समोर माझ्यापेक्षा फूटभर उंच, विद्यापीठात शिकणारा मुलगा. पंधरा झटापटी झाल्या. मास्क काढता काढता मी माझा हिशेब सांगून टाकला: आठ माझ्या, पाच त्याच्या, दोन डबल, म्हणजे दोघांनाही एकदम लागलेल्या. काकूंनी वही पुढे केली. त्यांनी तीन रकाने आखले होते. 'ती धड बाहेर आली' यात दोन. 'तो धड बाहेर आला' यात पाच. 'दोघंही मेले' यात आठ.

मी वाद घातला, अर्थातच. माझा वार आधी लागला होता! सहा वेळा आधी लागला होता, हे त्यांनीही मान्य केलं. मग विचारलं, "बरं. आणि त्याची तलवार काय, हवेत विरघळली?"

घरी जाताना यू-बानमध्ये मागची पानं चाळली. ज्या ज्या पानावर मी खूश होते, तिथे कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं होतं. 'त्याचा उशिरा लागला, धरला नाही.' 'मास्कवर हलकासा, मोजायचा नाही.' 'पाय आधी.' अशी खूप होती. दीड वर्ष मी स्वतःच्याच चाचणीत नापास झालेल्या केसेस 'किरकोळ' म्हणून बंद करत होते. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मीच त्याची खरडपट्टी काढली असती.

हे लिहिते आहे ते फेडर (सरावाची बोथट स्टीलची तलवार) हातात धरून झालेल्या, चार गार्ड (पवित्रे) पाठ असलेल्या आणि आता पहिल्यांदा मोकळ्या स्पारिंगला उभं राहिलेल्या किंवा राहू घातलेल्या लोकांसाठी. फोम टाग (तलवार खांद्याशी किंवा डोक्यावर उचलून धरलेला पवित्रा) म्हणजे काय, त्सोर्नहाउ (वरून तिरपा खाली येणारा वार) कुठून निघतो, हे तुम्हाला तुमच्या ट्रेनरने सांगितलेलंच असणार. मला एकाच खड्ड्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्याबद्दल जरा जास्तच बोलणार आहे. सहन करा.

खड्डा असा. तुम्ही वार करता, तो लागतो. त्याच क्षणी किंवा अर्ध्या श्वासाने समोरच्याचाही तुम्हाला लागतो. मेंदू पहिला भाग लक्षात ठेवतो आणि दुसरा पुसून टाकतो. लागलेल्या वाराची झिणझिणी तुमच्या हातात राहते, बसलेला मार मास्कवर टक् होऊन जातो. शिवाय तुम्ही ठरवून केलेलं असतं ते पहिलं. जे आपण ठरवून केलं ते खरं वाटतं, जे आपल्याला झालं तो अपघात वाटतो. माझ्या वहीतले सगळे अपघात एकाच जातीचे होते, हे मला दीड वर्ष दिसलं नाही.

पाय. मला पायावर मारायला आवडायचं. बुटकी बाई, उंच पोरं, त्यांच्या मांड्या आणि गुडघे माझ्या समोरच. डोक्यापर्यंत पोहोचायला मला खूप आत शिरावं लागतं, मग जवळचा पाय का नको? तर्क इतका सरळ वाटला की तपासावासाच वाटला नाही.

आता तपासून दाखवते. घरी भिंतीच्या कडेने, भिंत बाजूला ठेवून उभ्या राहा, फेडर खांद्याच्या उंचीवर सरळ पुढे धरा आणि टोक जिथे पोहोचतं तिथे भिंतीवर चिकटपट्टी लावा. पाय न हलवता टोक गुडघ्याच्या उंचीवर न्या आणि दुसरी पट्टी लावा. दुसरी पट्टी मागे येते. किती, ते शाळेतल्या पायथागोरसला विचारा. माझ्या खांद्यापासून फेडरच्या टोकापर्यंत साधारण १५० सेंटीमीटर. खांदा जमिनीपासून १२५, गुडघा ४५ वर, म्हणजे टोकाला ८० सेंटीमीटर खाली उतरायचं आहे. आडवं अंतर उरतं सुमारे १२७. तेवीस सेंटीमीटर गेले, एक वीतभर! जिच्याकडे आधीच लांबी कमी, ती स्वतःहून आणखी एक वीत दान करते आहे. ही तूट भरून काढायला मी काय करायचे? कमरेतून वाकायचे. वाकलं की काय पुढे जातं? डोकं. समोरच्याला माझं डोकं खांद्याच्या रेषेत, त्याच्या पूर्ण लांबीवर, ताटात वाढल्यासारखं मिळायचं. त्याला पाऊलही टाकावं लागत नव्हतं, तलवार खाली सोडली की झालं.

यात माझा शोध काही नाही. योहानेस लिश्टेनाउअर या मध्ययुगीन तलवारगुरूच्या परंपरेतल्या जुन्या जर्मन पद्यांत 'यूबरलाउफेन' नावाचा एक स्वतंत्र भागच आहे. खालून नेम धरणाऱ्याला वरून गाठ, त्याची फजिती होते, असा त्याचा भाव. मी तो भाग पाठ केला होता. मराठीत लिहून फ्रिजवर चिकटवला होता. फजिती होणारी ती मीच, हे मात्र ध्यानात आलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग पायावर मारायचंच नाही का? मारायचं. वरचा धोका आधी मिटवून. तुमच्या वाराने त्याची तलवार वर अडकवली, त्याने हात उंच नेले, तलवारी भिडल्या आणि त्याचा जोर तुम्हाला मनगटात जाणवला, की मग पाय तुमचा. उघडा पाय दिसला म्हणून त्यावर झेपावणं म्हणजे रस्त्यापलीकडे ओळखीचं माणूस दिसलं म्हणून ट्रक न बघता धावत सुटणं.

खड्ड्याचा दुसरा थर याहून चिवट आहे, आणि पायाशी त्याचा संबंध नाही. मी पाऊल आधी टाकायचे आणि तलवार नंतर हलवायचे. आपल्याला वाटतं दोन्ही एकदम होतं आहे. व्हिडिओत बघा. माझ्या व्हिडिओत पुढचा पाय टेकला आहे, मी समोरच्याच्या टप्प्यात आहे, आणि फेडर अजून खांद्यावर शांत झोपलेलं. तेवढ्या वेळात मी त्याला फुकट दिलेली वस्तू असते. शहाणा असेल तो मारतो, घाबरट असेल तोही घाबरून मारतो, दोन्ही मला लागतात. इंग्लंडमध्ये जॉर्ज सिल्व्हर या तलवारबाजाने १५९९ साली याच गोष्टीवर आग पाखडली आहे: हात आधी, मग शरीर, मग पाय. माणूस भांडखोर, इटालियन शिक्षकांवर जळफळाट करणारा, पण इथे त्याचं म्हणणं सोन्यासारखं आहे. धोक्याच्या आत पाय जाण्याआधी तुमचं पातं त्या जागी येऊन तुमच्यासाठी भिंत झालेलं असलं पाहिजे.

एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यूर्नबर्गच्या गेर्मानिशेस नॅशनलम्यूझेउममध्ये ३२२७अ क्रमांकाचं एक हस्तलिखित आहे, खिशात मावेल एवढं. त्यात लिश्टेनाउअरची पद्यं आणि त्यांवरचं जुनं भाष्य आहे, आणि त्याच्याच जोडीला दारूकामाच्या, औषधांच्या आणि चक्क स्वयंपाकाच्या कृती. कुणाच्या तरी आजीच्या वहीसारखी सगळी सरमिसळ. त्या भाष्यात 'फोरश्लाग' आणि 'नाखश्लाग' असे दोन शब्द येतात. पहिला वार तू कर, तो लागो वा चुको, लगेच दुसरा वारही तूच कर, त्याला वार करायला उसंत मिळता कामा नये, असा तो उपदेश. म्हणजे जुन्या मास्तरांच्या भाषेत नाखश्लाग हा माझा पुढचा वार. आजच्या जर्मन क्लबांत आणि स्पर्धांत मात्र नाखश्लाग म्हणतात तो समोरच्याने मार खाल्ल्यावर उशिरा केलेला वार. शब्द तोच, मालक बदलला! माझं दीड वर्षाचं दुखणं त्या एका शब्दात मावतं. माझा वार लागला की मी थांबायचे. मनात 'लागला!' म्हणायचे. तो नाखश्लाग माझा व्हायला हवा होता, मी तो दर खेपेला समोरच्याच्या स्वाधीन केला.

आता उपायाबद्दल, आणि तो सरळ गेला नाही हे आधीच सांगते.

मी वहीत एकच आकडा ठेवायचं ठरवलं: किती झटापटींतून धड बाहेर आले. माझे वार मोजणं बंद. जोडीदारांना सांगितलं, माझा वार लागला तरी थांबू नका, एक पाऊल टाकण्याइतका वेळ आहे, तेवढ्यात मला परत मारा. लोक आनंदाने तयार झाले, जरा जास्तच आनंदाने. पहिल्या महिन्यात काय झालं? मी मारणंच सोडलं. मागे सरकत राहायचे, वार अडवत राहायचे, आणि चौथ्या-पाचव्या वाराला मार खायचे. 'धड बाहेर' शून्य, एक, शून्य. त्या जुन्या पद्यांत याचीही सोय लावून ठेवली आहे: जो वारांच्या मागे मागे फिरतो, त्याला आपल्या कलेचा फारसा आनंद मिळत नाही. मला तर अजिबातच मिळत नव्हता. त्या महिन्यात दोन गुरुवार मी डोकं दुखतंय सांगून गेलेच नाही. डोकं दुखत नव्हतं.

तुमचंही असं होईल. एक खोड सोडवताना दुसरी जडते आणि आकडे आधी खाली जातात. हा उतार आला की बहुतेक जण जुन्या खोडीकडे परततात, कारण जुन्या खोडीत निदान वार तरी लागत होते. परतू नका. सहा-आठ आठवडे लागतात. मला अकरा लागले.

बाहेर काढलं ते एका कंटाळवाण्या सरावाने. अर्ध्या गतीने, मास्क घालून, एकच चाल: त्सोर्नहाउ, समोरच्याच्या तलवारीला आणि डोक्याला एकाच रेषेत धरून. तलवारी भिडल्या की थांबायचं आणि तोंडाने बोलायचं: 'मऊ' किंवा 'कडक'. तो मऊ असेल तर टोक सरळ चेहऱ्याकडे. कडक असेल तर तिथे जोर लावायचा नाही, पातं त्याच्या पात्यावरून काढून दुसऱ्या बाजूने जायचं. आणि निघताना तलवार त्याच्या आणि आपल्या मध्येच ठेवून दोन पावलं मागे. ही शेवटची दोन पावलं सरावात सगळे गाळतात, कारण वार लागला की काम झालं असं वाटतं. शब्द तोंडाने बोलायचे, हे ऐकायला बालिश वाटेल. पण बोलायला लागलं की कळतं, अर्ध्या वेळा आपल्याला काही जाणवलेलंच नसतं. आपण ठरवून आलेलो असतो.

स्पारिंगनंतर आठवण कशी काढायची याबद्दल थोडं. सगळं लिहायला जाऊ नका. बारा झटापटी आठवल्यासारख्या वाटतात, प्रत्यक्षात तीन आठवतात आणि नऊ आपण रचतो. तीनच लिहा, आणि झटापट संपली कशी यापेक्षा सुरू कशी झाली ते लिहा: मी किती लांब होते, पहिलं कोण हललं, माझं काय हललं. जोडीदाराला 'मी कुठे चुकले?' असं विचारू नका, तो पंधरा मिनिटांचं व्याख्यान देईल आणि त्यात स्वतःच्या आवडीच्या तीन चाली घुसवेल. 'तू मारलंस तेव्हा तुला काय दिसलं होतं?' एवढंच विचारा. एका मुलीने मला सांगितलं, "तू मारायच्या आधी ओठ दाबतेस, मास्कच्या जाळीतूनही दिसतं." हे कुठल्या ग्रंथात सापडणार! आणि हे सगळं हॉलमधून बाहेर पडायच्या आत लिहा. नंतर बीअर होते, मित्र कौतुक करतात आणि हिशेब बदलतो. बीअर न पिणाऱ्यांचाही बदलतो, मी साक्षीदार आहे.

आता माझे हट्ट. पटले नाहीत तर सोडून द्या.

इंटरनेटवरचे 'ही एक युक्ती आणि कुणालाही हरवा' छापाचे व्हिडिओ पहिलं वर्षभर बघू नका. युक्ती खरी असते. पण ती करणाऱ्याचं अंतराचं भान दहा वर्षांचं असतं आणि तेवढं व्हिडिओत दिसत नाही. दिसतो तो हात. मी पायावरचा वार असाच उचलला होता. ग्रंथ वाचायचे असतील तर विक्टेनाउअर या संकेतस्थळावर बहुतेक सगळे, भाषांतरांसकट, फुकट आहेत. पण एका वेळी एकच परंपरा धरा. फिओरे दे लिबेरीचा ग्रंथ साधारण १४०९ चा, इटलीतला. योआखिम मायरचा १५७० चा, स्ट्रासबुर्गचा. दोघांत दीडशेहून जास्त वर्षं, मध्ये आल्प्स. तुकाराम आणि तात्या टोपे यांना एकाच वर्गात बसवल्यासारखं होतं. त्यांची खिचडी शिजवणारे लोक प्रत्येक क्लबात भेटतात आणि फार आत्मविश्वासाने बोलतात.

गुरूंबद्दल. मी आधी दुसऱ्या गावात दुसऱ्या एका क्लबात चार महिने होते. क्लबाचं नाव महत्त्वाचं नाही. तिथले ट्रेनर ग्रंथ तोंडपाठ म्हणायचे, पण नवशिक्यांशी कधी स्पारिंग करायचे नाहीत. 'तुमची अजून तयारी नाही.' चार महिन्यांत मला कळलंच नाही की माझा वार खऱ्या माणसावर पोहोचत नाही. जो नवशिक्यासमोर मास्क घालून उभा राहत नाही, गती कमी करून त्याला स्वतःवर वार करू देत नाही आणि अधूनमधून मार खाऊन हसत नाही, त्याच्याकडे शिकू नका. तो कितीही विद्वान असो. हे माझं मत कडवट आहे, माहीत आहे. आजच्या ट्रेनरने पहिल्याच दिवशी मला स्वतःच्या मास्कवर वीस वार करायला लावले आणि प्रत्येक वेळी फक्त एवढंच म्हणाला, "लांब." किंवा "जवळ."

हात. इथे अजिबात गोड बोलणार नाही. स्टीलच्या फेडरने स्पारिंग करायचं तर बोटं पूर्ण कडक कवचात पाहिजेत. लॅक्रोसचे किंवा हॉकीचे हातमोजे नायलॉनच्या तलवारीला ठीक, स्टीलला नाहीत. फेडर सव्वा-दीड किलोचं, टोकाचा वेग आपल्या कल्पनेच्या बाहेरचा, आणि मूठ धरलेलं बोट म्हणजे ऐरणीवर ठेवलेलं बोट. माझ्या मोज्यांची किंमत साडेतीनशे युरो होती. ती वाचवायला मी 'आज हलकंच खेळू' म्हणून उधारीचे पातळ मोजे घातले. हलकं खेळायचं दोघांनी ठरवलं होतं, तिसऱ्या मिनिटाला दोघेही विसरलो. अंगठा मोडला नाही हे नशीब. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी नखाखालचं रक्त काढायला गरम सुई वापरली, आणि पहिला प्रश्न होता, "कशाने झालं?" तलवारीने, असं सांगताना मला आपण वेड्या आहोत असं वाटलं. मास्कला मागच्या डोक्याचं संरक्षण आणि गळ्याला गॉर्जेट यावर तडजोड नको. जाकीट वापरलेलं घ्या, फेडर क्लबाचं वापरा. पैसे आधी हातांवर घाला. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी नायलॉनवर आणखी सहा महिने खेळावं, त्यात काहीही कमीपणा नाही. अंतर आणि वेळ नायलॉनवरही शिकता येतात. माझ्यापेक्षा चांगल्या दोन मुली अजून नायलॉनवरच खेळतात.

कोल्हापूरची आहे म्हटलं की लोक लगेच विचारतात, मर्दानी खेळाचा फायदा झाला का? शाळेत असताना तालमीत दोन वर्षं लाठी फिरवली आहे. फायदा झाला: हातात लांब वस्तू आली की बावचळत नाही, पाय हलके आहेत. तोटाही झाला. लाठीची मोठी वर्तुळं हातात बसली आहेत, आणि लाँगस्वर्डमध्ये मोठं वर्तुळ म्हणजे समोरच्याला उघडून दिलेलं दार. यात लाठीचा काही दोष नाही. अनेक माणसांनी घेरलेल्याने भोवती रिंगण मोकळं ठेवायचं, हे लाठीचं काम. इथे समोर एकच माणूस आहे आणि रेष एकच आहे. माझे तालमीतले वस्ताद एकदा फोनवर माझा व्हिडिओ बघून म्हणाले, "बाळ, तू थांबतीस का मधीच?" जर्मन ट्रेनर जे तीन महिने सांगत होता ते त्यांनी दहा सेकंदांत पकडलं. आणि कोणी हे सगळं परकं म्हणून नाक मुरडलं तर त्यांना सांगा, मराठ्यांच्या ज्या सरळ तलवारींना 'फिरंग' म्हणायचे, त्यांची पाती युरोपातून आलेली असायची. नावातच सांगून ठेवलंय.

भीतीबद्दल एक शेवटचं. त्या जुन्या पद्यांत एक ओळ आहे: सहज घाबरणाऱ्याने तलवारबाजी शिकूच नये. मला ही ओळ आवडत नाही. मी अजून दचकते. उंच माणसाने फोम टागमधून एक पाऊल टाकलं की माझे खांदे कानाला लागतात. अडीच वर्षांनी. सहाशे वर्षांपूर्वीच्या लिश्टेनाउअर बुवांचे विद्यार्थी बहुधा द्वंद्वात जीव वाचवायला शिकत होते, मी गुरुवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद करून शिकते. दचकणाऱ्यांनी यावं. दचकणारे लोक अंतर लवकर शिकतात, त्यांना त्याची गरज असते. न दचकणारे डबल खातात आणि हसतात. मी त्यांच्यातही होते, दीड वर्ष, फक्त दचकून डोळे मिटून पुढे झेपावणारी. बाहेरून ते धाडस दिसतं. लोक 'व्वा' म्हणायचे. त्या 'व्वा'ने माझं जेवढं नुकसान केलं तेवढं कुणी केलं नाही. तेव्हा तुम्हाला पहिल्या दोन महिन्यांत फार कौतुक मिळालं तर जरा सावध व्हा. आणि अजिबात मिळालं नाही, सगळ्यांचा मारच खात असाल, तरी येत राहा. मार खाणाऱ्याला निदान आपण मार खातोय हे माहीत असतं.

परवाच्या गुरुवारी बाकावरच्या काकूंचा गुडघा बरा होता. त्यांनी स्वतःच मास्क चढवला, फेडर घेतलं आणि मला बोटाने बोलावलं. अंगठ्याला पट्टी, वरून जाड मोजा, ट्रेनरची परवानगी, अर्धी गती. बारा झटापटी. पहिल्या सहांतून तीनदा मी धड बाहेर आले, तलवार मध्ये ठेवून, दोन पावलं मागे. सातव्या वेळी त्यांनी हात थोडे उंच नेले. मुद्दाम नेले, हे आता कळतंय. पुढचा गुडघा असा मोकळा दिसला, आणि मी गेले, वाकून, सगळ्या अंगानिशी. माझं पातं त्यांच्या मांडीपर्यंत पोहोचलंच नाही. त्यांचं माझ्या मास्कवर येऊन टेकलं, अलगद, टोप सरळ करावा तसं. त्या काही बोलल्या नाहीत. वही या वेळी मीच भरली. सात: पाय. परत.